दुधाचा थेंबही न घालता पम्पकिन स्पाइस कॉफी सिरप घरी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पम्पकिन स्पाइस म्हणजे भोपळ्याची चव की मसाल्याची?

मुख्यतः मसाल्याची. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग या सणाच्या सुमारास भोपळ्याचा 'पाय' (पिठाच्या पारीत गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) करतात, त्यात पडणारा हा गोडाचा मसाला. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस. मॅककॉर्मिक कंपनीने १९३४ मध्ये तो तयार मिश्रण म्हणून डब्यात भरून विकायला सुरुवात केली. कॉफीत तो लोकप्रिय झाला २००३ पासून, स्टारबक्स कॅफेच्या लाट्टेमुळे, म्हणजे भरपूर दूध घातलेल्या कॉफीमुळे. आणि त्या लाट्टेत पहिली कित्येक वर्षं भोपळा नव्हताच. खरा गर त्यात आला २०१५ मध्ये.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की सिरप फसलं तर लोक भोपळा वाढवतात. फसलेला असतो मसाला. भोपळा फक्त अंग देतो, रंग देतो आणि मसाल्याच्या तिखटपणाला थोडी मऊ बाजू देतो.

साखर-पाणी-मसाला यात दूध असतंच कुठे? मग 'डेअरी-फ्री' असं वेगळं का म्हणायचं?

घरच्या सिरपमध्ये नसतंच. पण कॅफेत जे पंपाने कपात पडतं ते बहुतेकदा सिरप नसून सॉस असतो, आणि सॉसला दाटपणा येतो तो आटवलेल्या दुधामुळे. अमेरिकेतल्या स्टारबक्सच्या पम्पकिन सॉसमध्ये कंडेन्स्ड स्किम मिल्क आहे. त्यामुळे तिथे ओट मिल्क घालून मागितलेली पम्पकिन लाट्टेसुद्धा दुधाविना होत नाही. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत राहणाऱ्या आणि दूध न चालणाऱ्या मराठी मंडळींना घरी सिरप करावं लागतं ते याचसाठी.

विकतचं काही वापरणार असाल तर लेबलवर हे शब्द शोधा: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, सोडियम केसिनेट. यातलं शेवटचं फार फसवं आहे. 'नॉन-डेअरी क्रीमर' असं ठळक लिहिलेल्या पावडरीतही सोडियम केसिनेट असू शकतं, आणि ते दुधातलंच प्रथिन आहे. भारतात हिरवा ठिपका पाहून निर्धास्त होऊ नका. तो शाकाहाराचा आहे, दूध त्यात बसतं. दूध नको असेल तर इंग्रजी 'व्ही' आणि त्यावर छोटं पान असलेलं एफएसएसएआयचं (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) व्हीगन चिन्ह पाहा.

नेमकं प्रमाण आणि कृती काय?

खालच्या मापात गाळून साधारण ३०० मिली सिरप होतं, म्हणजे १५ कप कॉफीला पुरतं.

साखर १०० ग्रॅम आणि ब्राउन शुगर १०० ग्रॅम (ब्राउन नसेल तर सगळी साधी)
पाणी २५० मिली
भोपळ्याचा निथळलेला गर ७५ ग्रॅम, म्हणजे सपाट ५ मोठे चमचे
दालचिनी ६ ते ७ ग्रॅम, बोटाएवढे २ तुकडे
ताजं आलं १० ग्रॅम, पातळ चकत्या
लवंगा ४
ऑलस्पाइसचे दाणे ५
जायफळ, ताजं किसून पाव छोटा चमचा
मीठ चिमूटभर
व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा

जाड बुडाचं पातेलं मंद आचेवर ठेवा. दालचिनी हातानेच मोडून, लवंगा आणि ऑलस्पाइस त्यात कोरडंच मिनिटभर फिरवा. वास आला की थांबा. रंग बदलला तर उशीर झाला. आता पाणी आणि आलं घाला, उकळी आली की झाकण ठेवून अगदी मंद आचेवर १० मिनिटं ठेवा. साखर अजून घालायची नाही. मसाल्याचा अर्क साध्या पाण्यात जितका सहज उतरतो तितका दाट पाकात उतरत नाही, आणि हीच पायरी लोक सर्वात जास्त गाळतात.

मग दोन्ही साखरा घालून विरघळू द्या. गर घाला, रवीने किंवा व्हिस्कने गुठळ्या मोडा. झाकण न ठेवता ८ ते १० मिनिटं हलकं उकळू द्या. बुडाशी सतत चमचा फिरवत राहा, कारण गर जड असतो, खाली बसतो आणि तिथेच करपतो. मोठ्या आचेवर भोपळ्याचे गरम थेंब उडतात, म्हणून आच मंदच हवी.

गॅस बंद केला की जायफळ आणि मीठ घाला, झाकून २० मिनिटं मुरू द्या. कोमट असतानाच ओल्या मलमलीतून गाळा. शेवटी व्हॅनिला. ती उकळत्या पाकात घातली तर तिचा सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो, बाटलीत उरत नाही.

पाक कधी झाला हे कसं ओळखायचं?

एकतारी वगैरे बघायचं नाही. ते मिठाईचं गणित आहे. पातेल्यात सिरप तुम्हाला हवं त्यापेक्षा पातळच दिसलं पाहिजे, गार झाल्यावर ते आपोआप दाट होतं. थंड बशीवर एक थेंब टाका आणि बशी तिरकी करा. थेंब पाण्यासारखा पळाला तर आणखी २ मिनिटं. मागे पातळ शेपूट ठेवत सावकाश सरकला तर झालं. तिथेच गोठून बसला तर जास्त आटलं, २ मोठे चमचे गरम पाणी घालून सैल करा.

आपला लाल भोपळा चालतो का, की अमेरिकन पम्पकिनच हवा?

चालतो, आणि उत्तम चालतो. अमेरिकेत डब्यात भरला जाणारा बहुतेक 'पम्पकिन' हा डिकिन्सन जातीचा असतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो कुकुर्बिटा मोशाटा, आणि आपल्या बाजारात फोड करून विकला जाणारा लाल भोपळा, डांगर, हाही बहुधा त्याच कुळीचा. हॅलोविनला कोरतात तो नारिंगी भोपळा मात्र घेऊ नका. तो पाणचट आणि रेषाळ असतो.

फोड घेताना आतला रंग गडद केशरी आणि गर घट्ट पाहा. सोललेल्या २५० ग्रॅम फोडी कुकरच्या भांड्यात पाणी न घालता ठेवा, २ शिट्ट्या. पाण्यात शिजवलेल्या भोपळ्याची चव पाण्यातच राहते. ओव्हन असेल तर २०० अंशांवर ४० मिनिटं भाजा. कडा तांबूस झाल्या की गोडी वाढते आणि कच्चा वास पूर्ण जातो. मग मिक्सरमधून काढून गर गाळणीवर मलमलीत २० ते ३० मिनिटं निथळत ठेवा. घट्ट श्रीखंडासारखा झाला पाहिजे. ही निथळणी टाळली तर सिरप पातळ होतं, मग ते जास्त आटवावं लागतं, आणि त्यात मसाला कडवट होतो.

परदेशात डबाबंद गर मिळतो. कोणता घ्यायचा?

ज्याच्या घटकांत फक्त 'पम्पकिन' लिहिलंय तो. शेजारीच 'पम्पकिन पाय फिलिंग' असतं, डबा दिसायला सारखाच, पण त्यात साखर आणि मसाला आधीच असतो. सगळं प्रमाण बिघडतं. ४२५ ग्रॅमच्या डब्यातले ७५ ग्रॅम वापरून बाकीचा गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. किंवा त्याचे घारगे करा. त्यासाठी याहून सोयीचा गर मिळणार नाही.

दालचिनीची पूड घातली तर सिरप तारेसारखं लांबतंय, शेंबडं झालंय. काय चुकलं?

काही चुकलं नाही, पुडीचा स्वभावच तो. दालचिनीच्या सालीत बुळबुळीत डिंकासारखा पदार्थ असतो. पूड पाण्यात उकळली की तो फुगतो, चमचा उचलला की तार धरतो, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये बाटलीच्या तळाशी जेलीसारखा थर बसतो. तो कितीही बारीक गाळणीने नीट निघत नाही. म्हणून अख्खी साल.

पूडच हाताशी असेल तर १ छोटा चमचा पूड मलमलीच्या दुहेरी पुरचुंडीत घट्ट बांधून फक्त ५ मिनिटं उकळा आणि न पिळता काढा. पिळली की सगळं बाहेर येतं.

आणखी एक. आपल्याकडे दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक, एकाच थराची साल बहुतेकदा कॅसिया असते. ती तिखट आणि ठसठशीत. कॉफीच्या कडूपणापुढे टिकते. सिलोनची पातळ, पापुद्र्यांची, बोटाने चुरते ती जास्त नाजूक. या सिरपसाठी दोन्ही चालतात, सिलोनची घेतली तर दीडपट घ्या. पण रोज दोन-तीन कप पिणार असाल तर सिलोनचीच बरी, कारण कॅसियात कूमारिन हे नैसर्गिक रसायन जास्त असतं आणि ते रोज जास्त प्रमाणात यकृताला चांगलं नाही. कोकणात परसातल्या झाडाची साल मिळत असेल तर अवश्य वापरा.

सिरप जिभेला बधिर करतंय.

लवंग जास्त झाली, किंवा जास्त वेळ राहिली. लवंगेतलं युजेनॉल हेच काम करतं. दातदुखीवर लवंगेचं तेल लावतात ते त्याचसाठी. ४ च्या वर जाऊ नका (ऑलस्पाइस नसेल तरच ५), आणि कुटून तर अजिबात घालू नका. झालंच असेल तर त्या सिरपमध्ये बिनमसाल्याचा साखरेचा पाक समप्रमाणात मिसळा. दुसरा इलाज नाही.

ऑलस्पाइस म्हणजे सगळ्या मसाल्यांची भुकटी का? दुकानात 'कबाबचिनी' दिली.

नाही. ऑलस्पाइस हे जमैकाकडच्या एका झाडाचं वाळवलेलं फळ आहे. वास लवंग, दालचिनी आणि जायफळ एकत्र केल्यासारखा. गोंधळ असा, की आपल्याकडे काही दुकानदार ऑलस्पाइसलाच कबाबचिनी म्हणतात, तर खरी कबाबचिनी ही मिरीच्या कुळातली, औषधात वापरतात ती. ओळखायला सोपं आहे: दाण्याला देठाची छोटी शेपटी असेल तर ती कबाबचिनी. ती इथे नको, कडवट कापरासारखी चव उतरते. ऑलस्पाइस नसेल तर एक लवंग आणि चिमूटभर जायफळ वाढवा, सोबत २ मिरी. काही अडत नाही.

साखरेऐवजी गूळ?

निम्मा गूळ, निम्मी साखर इथवर छान लागतं. सगळा गूळ घातला तर पम्पकिन स्पाइस मागे पडतं आणि गुळाची कॉफी तयार होते. ती चांगलीच असते, पण ती वेगळी गोष्ट. गूळ आधी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, रेती आणि चिपाडाचे कण निघतात. गोव्याकडचा माडाचा काळा गूळ वापरायचा तर ५० ग्रॅमच्या वर नको, त्याचा धुरकट स्वाद सगळ्यावर बसतो.

गुळाचा खरा प्रश्न पुढे येतो. तो दूध फाडतो, आणि सोया मिल्क तर हमखास. गुळाचं सिरप असेल तर ओट किंवा नारळाचं दूध घ्या.

सोया किंवा बदाम दूध कॉफीत घातल्याबरोबर फाटतं. सिरपमुळे का?

बहुतेक वेळा सिरपमुळे नाही, कॉफीमुळे. कॉफी थोडी आम्लधर्मी असते, साधारण ५ पीएच. आम्ल आणि उष्णता एकदम मिळाली की सोयातली प्रथिनं गोळा होतात. टोफू करतात ते याच तत्त्वावर. कपात पांढरे कण दिसतात आणि खाली पिवळसर पाणी. ते पिऊन काही अपाय नाही, पण प्यावंसं वाटत नाही.

क्रम बदला. आधी कपात सिरप, मग गरम केलेलं दूध, सर्वात शेवटी कॉफी, आणि तीही उकळती नाही. एक-दोन मिनिटं निवू द्या. फ्रिजमधलं गार दूध उकळत्या डिकॉक्शनमध्ये ओतणं ही सर्वात हमखास चूक. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवा, म्हणजे भांड्याला हात लावल्यावर क्षणात मागे घ्यावा लागेल इतपत. उकळू देऊ नका. हलकी भाजलेली कॉफी जास्त आंबट असते, मध्यम ते गडद भाजलेली घ्या. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी इथे फार चांगली वागते. 'बरिस्ता' म्हणून विकली जाणारी वनस्पती-दुधं महाग असतात, पण त्यांतल्या बऱ्याच दुधांत आम्ल झेलणारं फॉस्फेट घातलेलं असतं, म्हणून ती टिकतात.

आणि सिरप टिकावं म्हणून त्यात लिंबू पिळलं असेल, तर मात्र दोष सिरपचाच.

मग कोणतं दूध सर्वात चांगलं?

ओट. त्याची धान्याची गोडी दालचिनीला धरून असते आणि फेसही येतो. घरी केलेलं ओट दूध मात्र तापवलं की पेजेसारखं दाटतं, ते थंड कॉफीतच वापरा. नारळाचं घ्यायचं तर जाड रस नको, दुसऱ्यांदा पिळलेला पातळ रस घ्या; जाड रसाचं तेल वर तरंगतं. काजूचं दूध दाट आणि सौम्य. बदामाचं पाणचट, पण ज्यांना हलकं हवं त्यांना आवडतं.

एका कपाला किती?

गरम कॉफीला २० मिली, म्हणजे १ मोठा चमचा भरून आणि वर थोडं. सोबत ६० मिली घट्ट फिल्टर डिकॉक्शन किंवा मोका पॉटची (गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या किटलीची) कॉफी, आणि १५० मिली दूध. इन्स्टंट असेल तर २ छोटे चमचे पावडर ६० मिली गरम पाण्यात. बर्फाच्या कॉफीला २५ ते ३० मिली लागतं, कारण गारव्यात गोडी कमी जाणवते. २० मिलीत साधारण १२ ग्रॅम साखर जाते, तेव्हा वरून आणखी साखर नको.

कॉफी संपताना तळाशी रवाळ गाळ राहतो.

भोपळ्याचे तंतू. चहाच्या गाळणीने ते निघत नाहीत. मलमल लागते, आणि ती पिळायची नाही, आपोआप गळू द्यायचं. १५ मिनिटं लागतात. तरीही बाटलीत थोडा साका बसणारच, खऱ्या गराचं सिरप काचेसारखं स्वच्छ होत नाही. वापरण्यापूर्वी बाटली हलवा.

फ्रिजमध्ये साखरेचे खडे झाले.

जास्त आटलं, किंवा पातेल्याच्या कडेला चिकटलेले साखरेचे दाणे आत पडले. उकळताना ओल्या ब्रशने कडा पुसा. पुढच्या वेळी १ मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज घाला. लिंबू हा नेहमीचा उपाय इथे टाळा, कारण वर सांगितलंच.

किती दिवस टिकतं? बरणीत भरून बाहेर ठेवता येईल का?

बाहेर नाही. हे नीट समजून घ्या. मुरांबा बाहेर टिकतो म्हणून हेही टिकेल असं वाटतं, पण मुरांब्यात आंबट फळ आणि भरपूर साखर असते. भोपळा आंबट नाही, आणि या सिरपमधली साखर राखण करण्याइतकी दाट नाही. कमी आम्ल, ओलावा आणि हवाबंद झाकण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना वाढायला जागा मिळते, आणि ते विष वासाने किंवा चवीने कळत नाही. बाटली उकळत्या पाण्यात ठेवून सीलबंद करणं हाही उपाय नाही. या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. म्हणूनच अमेरिकेतल्या घरगुती साठवणुकीच्या अधिकृत सूचनांमध्ये भोपळ्याचा गर घरी बाटलीबंद करू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे.

उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी केलेली काचेची बाटली, फ्रिजमध्ये ४ अंशांवर किंवा खाली, ७ ते १० दिवस. ओला चमचा बुडवू नका, ओता. फेस, बुडबुडे, आंबूस वास किंवा झाकण उघडताना 'फुस्स' झालं तर सगळं टाका. जास्त करायचं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक घन साधारण १५ ते २० मिलीचा, म्हणजे एका कपाचा. ३ महिने उत्तम राहतं.

गर अजिबात न घालता, फक्त मसाल्याचं सिरप २ भाग साखर आणि १ भाग पाणी असं केलं तर फ्रिजमध्ये महिनाभर टिकतं. २००३ च्या मूळ कल्पनेच्या ते जवळही आहे.

बिनसाखरेचं करता येईल?

करता येतं, पण मापात. एरिथ्रिटॉल या साखरेच्या पर्यायाचं सिरप फ्रिजमध्ये गेलं की त्याचे खडे होतात, वापरताना प्रत्येक वेळी कोमट करावं लागतं. स्टीव्हिया लवंगेबरोबर कडवट लागतो. साखर नसल्यामुळे टिकाऊपणही जातो, म्हणून एका वेळी ३-४ दिवसांपुरतंच करा.

कॅफेसारखा दाट सॉस हवा असेल तर?

२०० मिली नारळाचा जाड रस आणि १०० ग्रॅम साखर मंद आचेवर २० ते २५ मिनिटं आटवा, चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ राहीपर्यंत. त्यात वरच्या सिरपचे ४ मोठे चमचे आणि गराचे २ चमचे घालून मिक्सरमधून काढा. फ्रिजमध्ये गोठल्यासारखा होतो, गरम कॉफीत लगेच सुटतो. ४ दिवसांत संपवा.

ॲलर्जी असलेल्यांना हे चालेल का?

लॅक्टोज न पचणं आणि दुधाची ॲलर्जी यांत फरक आहे. पहिल्यात अंशमात्र दुधाने सहसा बिघडत नाही. दुसऱ्यात दुधाच्या पातेल्यात न घासता वापरलेला चमचाही पुरतो. ॲलर्जी असलेल्यासाठी करत असाल तर पातेलं, मलमल आणि फेस काढायचं यंत्र वेगळं ठेवा. चहा-दूध गाळलेली मलमल तर नकोच, तिच्या विणीतून दूध पूर्ण निघत नाही. जायफळ हे बी आहे, सुकामेव्यातलं कवचफळ नाही. बदाम-काजूच्या ॲलर्जीशी त्याचा संबंध नाही. मात्र सोबतचं दूध बदामाचं किंवा काजूचं असेल तर आहे.

जायफळाचं माप चिमटीपेक्षा जास्त वाढवू नका. पाव चमचा पंधरा कपांत वाटला जातो, त्यात काही नाही. पण काही ग्रॅम जायफळ एकाच वेळी पोटात गेलं तर विषबाधा होते.

मलमलीत उरलेला चोथा टाकवत नाही. त्याचं काय करायचं?

दालचिनी, लवंगा, ऑलस्पाइस आणि आल्याच्या चकत्या नीट वेचून काढा. मोजून काढा, लवंगा चारही मिळाल्या पाहिजेत. उरलेला गोड, मसालेदार गर कणकेत आणि थोड्या तांदळाच्या पिठात मळून घारगे थापा; गूळ नेहमीपेक्षा निम्मा घाला, कारण साखर आधीच मुरलेली असते. वेचलेली दालचिनी धुऊन वाळवली की आणखी एकदा चहात चालते.